खानदेशातलं छोटं गाव: लोकसंख्या, रस्ता आणि एसटी

रेल्वे आपल्याकडे लवकर आली, 1900 च्या आसपास सुरत लाइनही झाली, पण लाइनपासून दहा-बारा किलोमीटर आत असलेल्या गावाला तिचा रोजचा उपयोग फारसा नव्हता. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी वेगळी, शेंदुर्णी-पहूर भागातल्या कितीतरी पोरांचं शिक्षण तिच्यावर झालं, ती 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती परत सुरू झालीच नाही.

बाकीच्या गावांचा आधार म्हणजे एसटी, त्यातही मुक्कामी गाडी. संध्याकाळी शेवटच्या गावाला येऊन थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे आणि सकाळी कॉलेजची पोरं, भाजीवाल्या बाया, दवाखान्यात जाणारे असे सगळे भरून तालुक्याला. पावसाळ्यात नाल्यावरची फरशी, म्हणजे बुटका पूल, बुडाली की मात्र गाडी फाट्यावरूनच परत.

मग 2000 च्या शेवटी केंद्राची गावरस्त्यांची मोठी योजना आली आणि लोकसंख्येच्या आकड्याला एकदम वजन आलं. नियम असा, की सपाट भागात 500 आणि आदिवासी भागात 250 लोकांची वस्ती असेल तर ती बारमाही रस्त्याला पात्र, आणि आकडा 2001 च्या जनगणनेचा धरायचा. ऐकायला सरळ वाटतं, पण इथंच सगळा घोळ आहे. एक तर महसुली गाव वेगळं आणि वस्ती वेगळी, अक्कलकुवा-धडगावकडे एका गावाचे सात-आठ पाडे डोंगरात विखुरलेले असतात, गावाचा आकडा हजाराच्या वर आणि एकेक पाडा दीडशे-दोनशेचा, म्हणजे कागदावर गाव मोठं पण पाडा अपात्र.

त्याहून मोठा प्रश्न मोजणीच्या महिन्याचा. जनगणनेत माणसं मोजतात फेब्रुवारीत, 2001 ला पण आणि 2011 ला पण 9 ते 28 फेब्रुवारी, आणि या पूर्ण काळात जो घरी नाही तो जिथं सापडेल तिथं मोजायचा. आता नंदुरबार, साक्री, चाळीसगाव भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दिवाळीनंतर गुजरातला किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात त्या उन्हाळ्यातच परततात. समजा एखादी वस्ती साडेपाचशेची आहे आणि शंभर माणसं कोयता घेऊन बाहेर आहेत, तर ती 500 च्या खाली गेली, रस्ता हुकला. ज्यांना पोटासाठी गाव सोडावं लागतं त्यांच्याच गावाचा आकडा कमी भरतो, हा नियम मला कधीच न्यायाचा वाटला नाही. मोजणीच्या सोयीसाठी एक तारीख लागते हे मान्य, पण त्याच आकड्यावर रस्ता ठरवायचा तर बाहेर गेलेल्यांची वेगळी नोंद घ्यायला हवी होती.

नंतर बऱ्याच गावांना डांबर पोचलं हे खरं, राज्याच्या योजनाही आल्या. पण रस्ता आला म्हणजे गाडी येतेच असं नाही. रस्ता लोकसंख्येवर ठरतो आणि फेरी ठरते भारमानावर, म्हणजे गाडी किती भरते त्यावर. नव्वदीपासून काळी-पिवळी आणि नंतर अ‍ॅपे रिक्षा फाट्यावर उभ्या राहायला लागल्या, तरणी माणसं मोटारसायकलवर गेली, बसमध्ये उरले म्हातारे, बाया आणि शाळेची पोरं, भारमान पडलं आणि मुक्कामी गाड्या एकेक करून बंद. 2021-22 चा लांबलेला संप मिटला तरी आतल्या गावांच्या कितीतरी फेऱ्या पहिल्यासारख्या झाल्याच नाहीत. 2022 पासून 75 च्या पुढच्यांना मोफत, मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट, दोन्ही चांगलंच झालं, पण ज्या गावात बसच येत नाही तिथली आजी त्या सवलतीचा उपयोग कुठं करणार? तिला रिक्षावाल्याला पूर्ण पैसे द्यावेच लागतात.

केंद्राच्या त्या रस्त्याच्या योजनेचा चौथा टप्पा आता 2011 च्या आकड्यांवर चाललाय आणि पुढची जनगणना ठरलीय 1 मार्च 2027 या संदर्भ तारखेची, म्हणजे मोजणी परत फेब्रुवारीतच, टोळ्या उसाच्या फडात असताना.