पंखा फिरतो, तरी संगणक सुरू का होत नाही?

'पंखा फिरतोय ना, मग एसएमपीएस चांगला आहे,' हे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दलचे वाक्य दुरुस्तीच्या दुकानांतही सर्रास ऐकू येते आणि त्यापायी धडधाकट मदरबोर्ड बदलले जातात. पंख्याची मोटर 12 व्होल्टऐवजी 10 व्होल्ट मिळाले तरी फिरत राहते. एटीएक्स मानकाला (संगणकाच्या वीजपुरवठ्यासाठी ठरलेल्या नियमांना) मात्र हाच विद्युतदाब 11.4 ते 12.6 व्होल्टच्या आत लागतो.

संगणक बंद असतानाही एसएमपीएसच्या जांभळ्या तारेवर 5 व्होल्टचा राखीव पुरवठा चालू असतो. बटण दाबताच मदरबोर्ड हिरव्या तारेवरील दाब शून्याजवळ आणतो, त्यामुळे मुख्य पुरवठा सुरू होऊन पंखे फिरू लागतात. परंतु सर्व दाब स्थिरावल्यानंतर साधारण 100 ते 500 मिलिसेकंदांनी राखाडी तारेवर 'पॉवर गुड' हा इशारा आला, तरच प्रोसेसर रीसेटमधून (थांबवून ठेवलेल्या अवस्थेतून) सुटतो. तो आला नाही, तर पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते.

इशारा अडण्यामागे पुष्कळदा जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवून दाब स्थिर ठेवणारे भाग) असतात. त्यांतील द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातो (तापमान दर 10 अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते), अंतर्गत रोध वाढतो आणि 12 व्होल्टच्या दाबावर 120 मिलिव्होल्टची मर्यादा ओलांडणारे तरंग उमटतात. मल्टिमीटर डीसीवर सरासरी दाखवत असल्याने तो निर्धास्तपणे 12.1 सांगतो, तरंग पाहायला ऑसिलोस्कोपच (दाबातील चढउतार आलेखात दाखवणारे उपकरण) लागतो. शिवाय हा रोध थंडीत आणखी वाढतो. म्हणून हिवाळ्यातल्या सकाळी अडून बसणारा संगणक चार-पाचदा बटण दाबल्यावर, कपॅसिटर किंचित तापले की, निमूटपणे सुरू होतो. त्याला यंत्राचा 'मूड' म्हणणे एकवेळ चालेल, पण टेबलाची दिशा बदलायला सांगणाऱ्या वास्तुतज्ज्ञांनी आधी कपॅसिटरचे फुगलेले टोपण पाहावे.

दोष नेमका कुठे आहे हे ठरवण्यासाठी मदरबोर्डला छोटा स्पीकर जोडून सर्व रॅम काढावी आणि बटण दाबावे. बीप ऐकू आली, तर प्रोसेसर बायॉसच्या (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) सूचना पाळतो आहे, म्हणजेच 'पॉवर गुड' पोहोचला आहे. मग संशय रॅमवर किंवा ग्राफिक्स कार्डावर घ्यावा. रॅमचे सोनेरी पाय खोडरबराने घासण्याचा प्रसिद्ध उपाय बहुधा घासण्यामुळे नव्हे, तर ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे लागू पडतो. बीप आलीच नाही, तर खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून पाहावा. जुना मात्र घरी उघडू नये, कारण 230 व्होल्टच्या विजेवर त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे 325 व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकून राहू शकतात.