पार्श्वभूमी : सोलापुरात थंडी घटून वीज का वाचत नाही

हवामान बदलामुळे हिवाळे सौम्य झाले की थंड देशांत घर उबदार ठेवण्याचा खर्च उतरतो. हा हिशेब दिवसाच्या सरासरी तापमानावरून करतात. अमेरिकेत 65 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 18.3 अंश सेल्सिअस, ही रेघ धरतात. सरासरी त्याखाली जाईल तितकी उबेची गरज, वर जाईल तितकी गारव्याची. सोलापुरात डिसेंबरातली सरासरीसुद्धा सहसा या रेघेच्या वरच असते. पहाटे स्वेटर, दुपारी पंखा. म्हणजे वाचवायला मुळात काही नाहीच.

आपल्याकडे तापवायचं ते अंघोळीचं पाणी. पूर्वी बंब, आता गीझर किंवा गच्चीवरचा सोलर. 20 लिटरची बादली 20 अंशांवरून 40 वर न्यायला अर्धा युनिटही लागत नाही. नळाचं पाणी दोन अंश कोमट आलं तर त्यातला दहावा हिस्सा वाचेल. याउलट 200 वॉटचा कूलर रात्री आठ तास चालला की दीड युनिटाच्या वर गेलाच.

गारव्याची ही गरज वाढण्यात उन्हाइतकाच छपराचाही हात आहे. जुन्या सोलापुरातली घरं माळवदाची : जाड भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर, उजेडाला साणं, म्हणजे छतातला झरोका. दुपारचं ऊन त्या मातीतून खाली उतरेपर्यंत संध्याकाळ व्हायची आणि तोवर अंथरुणं माळवदावर गेलेली असायची. अर्थात माळवद गळतं, त्यावर पावसाळ्याआधी माती टाकावी लागते, भिजून कोसळतंही. लोकांनी ते सोडलं ते उगाच नाही. 1870च्या दशकात ‘जुनी मिल’ नावाची कापड गिरणी आली, गिरण्या वाढल्या, कामगार वस्त्यांवर पत्रा चढला. पत्रा लगेच तापतो, पण दिवस मावळला की निवतोही. स्लॅबचं तसं नाही. दिवसभर साठवलेली धग तो रात्री घरात सोडतो, आणि रात्रीच तर पंखा-कूलर चालतात. सोलापूरजवळच्या कुंभारीत 2006 मध्ये विडी कामगारांची दहा हजार घरकुलं झाली, जानेवारी 2024 मध्ये तिथल्याच रे नगर या कामगार वसाहतीतल्या पंधरा हजार घरांचा ताबा दिला गेला. हक्काचं पक्कं घर ही मोठीच गोष्ट. त्याच्या स्लॅबवर ऊन परतवायला चुन्याचा पांढरा हातही हवा होता, असं मला वाटतं.

कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, पण त्याला पाणी लागतं आणि सोलापुरात नळ काही दिवसांआड येतो. त्यामुळे ज्याला परवडतं तो एसीकडे वळतो, आणि बिल तिथून पुढे चढतं.