‘मुलं स्वतःहून आली’ हा बचाव टिकत नाही

युद्धातल्या बालसैनिकांचा विषय निघाला की एक समज हमखास ऐकू येतो: पोरं राजीखुशीनं टोळीत गेली असतील, तर कमांडरवर गुन्हा कसा लागणार?

लागतो, आणि लागलेला आहे. काँगोच्या इतुरी भागातला सशस्त्र गटाचा म्होरक्या थॉमस लुबांगा याला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं मार्च 2012 मध्ये दोषी ठरवलं. त्या न्यायालयाचा हा पहिलाच निकाल. 15 वर्षांखालच्या मुलांना गटात घेणं आणि लढाईत वापरणं, एवढाच आरोप होता. शिक्षा 14 वर्षांची झाली. मुलाची संमती हा बचाव न्यायालयानं मानला नाही. भुकेलं, घरदार गमावलेलं मूल ‘हो’ म्हणतं, त्याला संमती म्हणायचं तरी कसं?

‘मी स्वतः काही केलं नाही’ म्हणूनही सुटता येत नाही. हे न्यायालय ज्या आंतरराष्ट्रीय करारानं उभं राहिलं, त्या रोम कायद्याच्या कलम 28 नुसार, हाताखालच्यांचे असे गुन्हे लष्करी कमांडरला ठाऊक होते, किंवा त्या परिस्थितीत ठाऊक असायला हवे होते, आणि तरी ते रोखण्यासाठी त्यानं शक्य ती पावलं उचलली नाहीत, तर तोही जबाबदार ठरतो. भारतानं मात्र या कायद्यावर सही केलेली नाही, ही खेदाची बाब आहे.