धनकोंपासून मालमत्तेचे संरक्षण : खासगी ट्रस्टची पार्श्वभूमी

कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्या उद्योजकांना नादारी व दिवाळखोरी संहितेच्या तरतुदी १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाल्या आणि २१ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याबाबतची अधिसूचना वैध ठरवली. तेव्हापासून धनकोंपासून, म्हणजे ज्यांचे देणे आहे त्यांच्यापासून, वाचवण्यासाठी राहते घर, ठेवी आणि समभाग कुटुंबाच्या खासगी ट्रस्टकडे, म्हणजे कुटुंबीयांच्या लाभासाठी मालमत्ता दुसऱ्याच्या हवाली ठेवण्याच्या व्यवस्थेकडे, सोपवावेत का, हा प्रश्न अधिक गांभीर्याने विचारला जाऊ लागला. (धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवल्या जाणाऱ्या सार्वजनिक न्यासांशी या ट्रस्टचा संबंध नाही.) प्रश्न आजचा असला तरी त्यामागचा कायदा बराच जुना आहे.

त्याचे मूळ इंग्लंडमधील १५७१ च्या कायद्यात आहे. धनकोंना बुडवण्याच्या हेतूने केलेले हस्तांतरण त्या कायद्याने निष्प्रभ ठरवले. त्यावरचा सर्वांत प्रसिद्ध निवाडा तीसेक वर्षांनी झाला. दोघांचे देणे असलेल्या एका शेतकऱ्याने आपली सारी चीजवस्तू गुपचूप त्यांपैकी एकाच्या नावे केली. मेंढ्या मात्र त्याच्याच ताब्यात राहिल्या, त्यांची लोकर तोच कातरत होता आणि त्यांच्यावर आपली खूणही तोच उमटवत होता. व्यवहार कागदावर झाला, पण ताबा सुटला नाही, हीच लबाडीची मोठी खूण मानली गेली. आजही ट्रस्टचा दस्त तपासताना हाच प्रश्न आधी विचारावा, असे माझे मत आहे.

हे तत्त्व आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ मधून आले. त्याच वर्षीचा भारतीय न्यास (म्हणजेच ट्रस्ट) अधिनियम तर अधिकच स्पष्ट बोलतो. कलम ४ खालच्या एका उदाहरणात देणी भागवता न येणारा ‘अ’ आपली मालमत्ता ‘ब’कडे सोपवतो : हयातीत लाभ स्वतः ‘अ’ला, त्याच्या पश्चात ‘ब’ला. पुढे ‘अ’ नादार ठरतो, आणि त्याच्या स्वतःच्या लाभापुरता तो ट्रस्ट धनकोंच्या विरुद्ध टिकत नाही. अमेरिकेत अलास्का राज्याने १९९७ मध्ये स्वतःच्याच लाभासाठी केलेल्या ट्रस्टलाही धनकोंपासून संरक्षण देणारा कायदा केला. भारतीय कायद्याने तसे कधीच केले नाही. गंमत म्हणून नव्हे, तर इतिहास म्हणून नोंदवायला हवे की १८८२ चे हे दोन्ही कायदे मुंबई इलाख्याला सुरुवातीला लागूच नव्हते. मालमत्ता हस्तांतरण कायदा येथे १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला.

कायद्याने मनापासून पाठीशी घातलेला ट्रस्ट वेगळाच आहे आणि तो फारच थोड्यांना ठाऊक असतो, याचे वाईट वाटते. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या १८७४ च्या कायद्याच्या कलम ६ नुसार पतीने स्वतःच्या आयुष्यावर पत्नी-मुलांच्या लाभासाठी घेतलेली विमा पॉलिसी हाच एक ट्रस्ट ठरतो आणि तिच्या रकमेवर त्याच्या धनकोंचा हक्क पोहोचत नाही. मूळ कायद्यातून हिंदू, मुसलमान, शीख आणि जैन स्त्रिया वगळलेल्या असल्याने कलम ६ चा लाभ त्यांना मिळतो का, हा वाद बरीच वर्षे चालला. १९२३ च्या दुरुस्तीने तो मिटवला. म्हणूनच त्या कलमात मद्रासपुरती ३१ डिसेंबर १९१३ नंतरची आणि इतरत्र १ एप्रिल १९२३ नंतरची पॉलिसी, असा चमत्कारिक वाटणारा तारखांचा फरक आजही दिसतो. मात्र ही व्यवस्था विम्याच्या प्रस्तावाबरोबरच करावी लागते, आणि धनकोंना फसवण्यासाठी पॉलिसी घेतली असेल तर त्यांचा हक्क शाबूत राहतो.

उरला काळाचा प्रश्न. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांसाठीचा १९०९ चा आणि इतर प्रदेशांसाठीचा १९२० चा असे नादारीचे दोन्ही कायदे मोबदल्याशिवाय केलेल्या हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत नादारी आली, तर ते हस्तांतरण रद्द होऊ देतात. नव्या संहितेनेही कमी मोबदल्यातील व्यवहारांसाठी दिवाळखोरीच्या अर्जापूर्वीची दोन वर्षेच धरली आहेत. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ ला अशी दोन वर्षांची मर्यादा नाही; तिथे धनकोंना हुलकावणी देण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो.