पर्यावरणपूरक मास्क कोण विकत घेते, आणि कशासाठी?

नागपुरात एप्रिल लागला, की बर्डीच्या सिग्नलवर थांबलेल्या दुचाक्यांच्या रांगेतले निम्मे चेहरे दिसेनासे होतात. डोळ्यांपुरती फट ठेवून डोके, कान, नाक आणि गळा एकाच सुती कापडात गुंडाळून घेण्याची ही रीत करोनाच्या कितीतरी आधीची आहे आणि ती मुलींपुरती मर्यादितही नाही. पुरुषांच्या गळ्यात दुपट्टा असतोच. हा स्कार्फ घरी धुतला जातो, दोन-तीन उन्हाळे टिकतो आणि विरला की त्याचे फडके होते. पर्यावरणपूरक मास्कची व्याख्या करायला बसले, तर तिच्यातल्या जवळजवळ सगळ्या अटी तो पुऱ्या करतो. तरीही पर्यावरणाचा विचार करून स्कार्फ घेतला, असे सांगणारी व्यक्ती मला अजून भेटलेली नाही. ऊन लागू नये, चेहरा काळवंडू नये, रस्त्याच्या कामांची धूळ नाकात जाऊ नये, रंग ड्रेसला जुळावा आणि मैत्रिणीही बांधतात, एवढी कारणे पुरेशी असतात.

ग्राहक पर्यावरणपूरक मास्क का घेतो, या प्रश्नाकडे जाताना हा स्कार्फ डोळ्यांसमोर ठेवलेला बरा. कारण निसर्गाविषयीची कळकळ एकटी क्वचितच खिशात हात घालायला लावते. आधी दुसऱ्या काही गरजा भागाव्या लागतात, आणि त्या भागल्या की मग ही कळकळ पारडे झुकवते.

औषधाच्या दुकानात मिळणारा निळा सर्जिकल मास्क कागदाचा असतो, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात तो पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा असतो. बाहेरचे दोन थर जाडसर तंतूंचे आणि मधला थर अतिशय बारीक तंतूंचा. या मधल्या थरावर विद्युतभार दिलेला असल्यामुळे सूक्ष्म कण त्याला चिकटतात, आणि मास्कची खरी गाळणी तीच. हे प्लास्टिक कुजत नाही, उन्हाने ठिसूळ होऊन त्याचे तुकडे पडत जातात. इटलीतील मिलान येथील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अतिनील किरणांनी जीर्ण झालेला एक सर्जिकल मास्क समुद्राच्या पाण्यात दिवसाला १ लाख ७३ हजारांपर्यंत सूक्ष्मतंतू सोडू शकतो, असे आढळले होते. नागपुरात समुद्र नाही, पण नाग नदी आहे आणि भांडेवाडीचा कचरा डेपोही आहे. साथीच्या काळात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने वापरलेले मास्क कापून ७२ तास कागदी पिशवीत ठेवावेत आणि मगच कचऱ्यात टाकावेत, अशी सूचना केली होती. ती किती घरांत पाळली गेली असेल, याचा अंदाज वाचकांनी स्वतःच्या घरावरून करावा.

ही माहिती कळली की माणूस कापडी मास्ककडे वळेल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु माहिती आणि खरेदी यांच्यामध्ये बरेच काही घडते. अमेरिकेतील सामाजिक मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांनी १९८० च्या दशकात मांडलेला ‘नियोजित वर्तनाचा सिद्धांत’ अशा अभ्यासांत आजही सर्रास वापरला जातो. त्यानुसार कृती करण्याचा इरादा तीन गोष्टींतून तयार होतो: त्या कृतीविषयी आपले स्वतःचे मत, आपल्या माणसांना ती मान्य असल्याची जाणीव, आणि ती आपल्याला जमण्यासारखी आहे असा विश्वास. यांपैकी तिसरी गोष्ट आपण फार हलक्यात घेतो. कापडी मास्क घ्यायचा तर तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळाला पाहिजे, रोज धुवायला कोणीतरी हवे आणि पावसाळ्यात तो वाळलाही पाहिजे. खोलीवर राहून शिकणाऱ्या मुलाने यापेक्षा पाच-दहा रुपयांचा मास्क परवडला असे म्हटले, तर तो बेजबाबदार ठरत नाही. महिन्याचा हिशेब केला तर धुऊन वापरायचा मास्क स्वस्त पडेलही, पण पाच-दहा रुपये रोज जातात तेव्हा ते जाताना दिसत नाहीत.

याहून मोठी अडचण संशयाची आहे. ग्राहकांच्या वागण्याचा अभ्यास करणारे मायकेल लुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की वस्तू पर्यावरणपूरक असल्याचे कळले की ग्राहक तिला सौम्य समजतो. लहान बाळाच्या शाम्पूच्या बाबतीत हा सौम्यपणा गुण ठरतो, पण जिथे ताकद हवी, उदाहरणार्थ मोटार धुण्याच्या शाम्पूत, तिथे तोच दोष ठरतो. याच अभ्यासात हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाचाही प्रयोग होता. कोणी पाहत आहे असे वाटले तेव्हा लोकांनी पर्यावरणपूरक द्रव अधिक प्रमाणात निवडला आणि कोणी पाहत नसताना नेहमीचा. मास्क नेमका याच पेचात सापडतो. तो संरक्षणाची वस्तू असल्याने त्याच्याकडून ताकदीची अपेक्षा असते, आणि म्हणून ‘निसर्गस्नेही’ हा शब्द त्याच्या विरोधात जातो. मात्र तो चेहऱ्यावर असतो, चारचौघांत दिसतो. याच क्षेत्रातले दुसरे अभ्यासक व्लादास ग्रिस्केविसियस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्येच असे दाखवले होते, की प्रतिष्ठेची भावना जागवली गेल्यावर लोक चारचौघांत खरेदी करताना पर्यावरणपूरक वस्तूंकडे अधिक झुकतात. एकांतातल्या खरेदीत हा कल दिसला नाही. दिसण्यासाठी केलेले चांगले काम खोटे असते, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. कचऱ्यात न पडलेला मास्क कोणत्या हेतूने वाचला, याच्याशी नाग नदीला काही देणेघेणे नसते.

संशय निराधार असता तर तो जाहिरातीने दूर करता आला असता, पण तसे नाही. बांगलादेशातील सुमारे ६०० गावांत झालेल्या मोठ्या चाचणीत सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांमध्ये लक्षणांसह करोना झाल्याचे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांनी घटले. कापडी मास्कच्या गावांत मात्र खात्रीने सांगता येईल असा परिणाम दिसला नाही. ‘स्वतःला वाचवा’ आणि ‘इतरांना वाचवा’ या दोन आवाहनांनी मास्कच्या वापरात फरक पडला नाही. फरक पडला तो फुकट मास्क घरी पोहोचवल्याने, गावातल्या मान्यवरांनी स्वतः तो घातल्याने आणि रस्त्यात थांबवून समक्ष आठवण करून दिल्याने. याच चाचणीत साबणाने दहा वेळा धुतलेला सर्जिकल मास्कही तिच्यात वाटलेल्या कापडी मास्कपेक्षा कण अधिक अडवतो, असे दिसले. म्हणजे, काही परिस्थितीत ‘फेकायचा’ मास्क न फेकणे हाच पर्यावरणपूरक पर्याय ठरू शकतो, आणि ही गोष्ट कोणत्याही वेष्टनावर छापलेली नसते.

त्यामुळे मास्क कशासाठी घालायचा, हे आधी ठरवावे लागते. धंतोलीच्या दवाखान्यांत रुग्णाजवळ बसायचे असेल तर सर्जिकल किंवा एन-९५ मास्कला पर्याय नाही; तिथे सुती कापडाचा आग्रह धरणे चुकीचे आहे. ऊन आणि धुरळा यांसाठी मात्र चांगले विणलेले, दुहेरी शिवलेले सुती कापड चालते. नागपूरच्या ग्राहकाच्या बाबतीत यात आणखी एक धागा मिसळतो. हा कापसाचा मुलूख आहे; १८७७ मध्ये टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही इथलीच. ‘आपल्याकडचा कापूस’ या शब्दांना इथे वजन आहे. मात्र कापूस पिकवायला जमीन आणि कीटकनाशके लागतात, कापड रंगवायला भरपूर पाणी लागते. दोनदा वापरून कपाटात पडलेला सुती मास्क त्यामुळे फारसा पर्यावरणपूरक उरत नाही.

अखेर प्रश्न वेष्टनावरच्या शब्दांवर किती विश्वास ठेवायचा, याचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली असून, ‘इको-फ्रेंडली’सारखे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरण्यास त्यांनी मनाई केली आहे. बांबूचे म्हणून विकले जाणारे कापड अनेकदा बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेले व्हिस्कोस असते. मक्यासारख्या पिकांपासून बनवलेल्या पॉलिलॅक्टिक आम्लाच्या मास्कवर ‘विघटनशील’ असे लिहिलेले असते, तेही खोटे नसते. फक्त ते विघटन वेळेत होण्यासाठी औद्योगिक खतनिर्मितीच्या ढिगात सुमारे ५८ अंश सेल्सियस तापमान टिकून राहावे लागते. घरामागच्या कंपोस्टच्या खड्ड्यात हा मास्क टाकला तर तो बराच काळ तसाच सापडेल. इतकी ऊब त्या खड्ड्याला मे महिन्यातले नागपूरही देऊ शकत नाही.