चांगी विमानतळावरचा लांब थांबा

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर एका विमानातून उतरून दुसरे पकडेपर्यंत मिळणारा, साधारण पाच तासांहून मोठा अवधी. मुंबईहून ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला मुला-नातवंडांकडे जाणाऱ्या अनेकांच्या वाट्याला तो येतो. त्याचे काय करता येईल हे व्हिसावर, सामानावर आणि घड्याळावर ठरते.

पहिला प्रश्न सामानाचा. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर बॅगा बहुधा थेट शेवटच्या मुक्कामी जातात. मुंबईला चेक-इन करताना टॅगवर शेवटच्या शहराची खूण आहे ना, हे पाहावे. स्वस्त पडते म्हणून वेगवेगळी तिकिटे काढली आणि बॅगा पुढे जाणार नसतील, तर त्या घ्यायला इमिग्रेशन ओलांडावे लागते आणि त्यासाठी प्रवेशाची परवानगी लागते. नेमके इथेच लोक अडकतात. शिवाय पहिले विमान उशिरा आले आणि दुसरे चुकले, तर त्याची जबाबदारी सहसा कोणतीच कंपनी घेत नाही.

भारतीय पासपोर्टधारकाला सिंगापूरचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा ठरावीक देशांचा वैध व्हिसा आणि पुढचे पक्के तिकीट असल्यास, अटींत बसणाऱ्या प्रवाशाला 96 तासांपर्यंत व्हिसाविना प्रवेश मिळू शकतो. अंतिम निर्णय इमिग्रेशन अधिकाऱ्याचा असतो. बाहेर पडणाऱ्याने येण्यापूर्वीच्या तीन दिवसांत ‘एसजी अरायव्हल कार्ड’ ऑनलाइन भरावे. ते विनाशुल्क आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे टाळावीत.

कागदावरचे तास आणि हातातले तास यांत मोठा फरक असतो. आठ तासांच्या थांब्यात उतरून बाहेर पडायला एक तास, शहरात जाण्या-येण्याला दीड तास आणि पुढच्या उड्डाणाआधी दोन तास धरले, तर फिरायला साडेतीन तास उरतात. सहा तासांहून कमी असतील तर शहराचा नाद सोडलेला बरा. घड्याळ भारतापेक्षा अडीच तास पुढे करायचे विसरू नये.

विमानतळावरून मेट्रोने निघून एक्स्पो स्थानकात डाउनटाउन मार्गिकेची गाडी धरली की बेफ्रंट (मरीना बे) आणि लिटिल इंडिया ही दोन्ही स्थानके त्याच मार्गिकेवर लागतात. शाकाहारी माणसाने लिटिल इंडियात उतरावे; सेरंगून रस्त्यावरचे कोमला विलास 1947 पासून इडली-डोसा देत आहे. मेट्रो रात्रभर चालत नाही, मध्यरात्रीच्या सुमारास टॅक्सीच घ्यावी लागते.

साडेपाच ते 24 तास थांबणाऱ्यांसाठी विमानतळाची अडीच तासांची मोफत सहलही असते. प्रवेशाची परवानगी त्यासाठीही लागते आणि जागा लवकर भरतात.

ज्वेल हे 2019 साली उघडलेले संकुल आणि त्यातला 40 मीटर उंचीचा धबधबा इमिग्रेशनच्या बाहेर आहे, हे पुष्कळांना तिथे पोहोचल्यावर कळते. पण टर्मिनल 2 आणि 3 यांमधली स्कायट्रेन ज्वेलमधूनच जाते. व्हिसा नसला तरी ट्रान्झिट भागातून त्या गाडीने एक फेरी मारावी. काचेतून धबधबा दिसतो. रात्री उशिरा तो बंद असतो. टर्मिनल 3 मधली फुलपाखरांची बागही दिवसाउजेडीच पाहावी, अंधारात फुलपाखरे निजलेली असतात. टर्मिनल 4 स्कायट्रेनने जोडलेले नाही. तिथून बस घ्यावी लागते, म्हणून जास्तीचा वेळ राखावा.

झोपायला मोफत स्नूझ लाउंज आहेत, पण वातानुकूलन कडक असते. शाल हातातल्या पिशवीत हवी. प्लग तीन चौकोनी पिनांचे, त्यामुळे आपल्याकडचे गोल पिनांचे चार्जर बसत नाहीत. टर्मिनल 1, 2 आणि 3 मध्ये सुरक्षा तपासणी गेटपाशी होते, म्हणून भरलेली पाण्याची बाटली तिथवर नेऊ नये. नळाचे पाणी पिण्याजोगे असते. रिकामी बाटली जवळ ठेवून तपासणी झाल्यावर ती विमानात भरून मागावी.