लायसन चालू आहे म्हणजे वडील गाडी चालवायला फिट?

“बाबांचं लायसन अजून ३ वर्षं चालू आहे, मग अडचण काय?” सोलापुरात हा युक्तिवाद घरोघरी चालतो. तो चूक आहे. पंचावन्नच्या पुढे लायसन ५ वर्षांसाठी मिळतं. लायसनसाठी लागणारा डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला, म्हणजे फॉर्म १-अ, मात्र फक्त तपासणीच्या दिवसाबद्दल बोलतो. मधल्या काळात काचबिंदू वाढला तर समोरचा तक्ता घडाघडा वाचता येतो, पण कडेची नजर गेलेली असते. सात रस्ता चौकात बाजूने घुसणारी रिक्षा दिसतच नाही! त्यासाठी नेत्रतज्ज्ञाकडून ‘फील्ड’ तपासणी करून घ्या. जुन्या मधुमेहात तळपाय बधिर होतात, ब्रेक किती दाबला ते कळत नाही.

दिवेलागणीला शेजारी बसून वीस मिनिटं पाहा. उजवं वळण घेताना समोरून येणाऱ्याचा अंदाज चुकतो का? डाव्या बंपरवर नवे ओरखडे आहेत का?

किल्ली लपवू नका, दुसरी किल्ली निघतेच आणि वर अबोला. मुलाचं न ऐकणारे वडील डॉक्टरांचं ऐकतात; ‘गाडी बंद’ हे चिठ्ठीवर लिहून मागा. तरीही नाहीच ऐकलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ खाली आरटीओ आजारपणावरून लायसन रद्द करू शकतं. आधी मात्र मंडईसाठी, देवळासाठी ओळखीचा रिक्षावाला महिन्यावर ठरवा.